नेड केलीच्या आईची शेती: आयरिश विधवेला ऑस्ट्रेलियात जमीन कशी मिळाली, आणि ती का पुरली नाही

नेड केली हे नाव ऑस्ट्रेलियात लहान पोरालाही माहीत असतं. लोखंडी चिलखत घालून पोलिसांशी लढलेला आणि १८८० साली मेलबर्नच्या तुरुंगात फाशी गेलेला दरोडेखोर. त्याच्यावर ढीगभर लिहिलं गेलंय. त्याची आई एलन या सगळ्या कथांत कडेला उभी असते. मला ही गोष्ट तिच्या बाजूनं सांगायची आहे, आणि तीही शेतीच्या अंगानं. १८६८ साली ती छत्तीस वर्षांची विधवा होती, पदरात सात मुलं होती आणि तिच्या स्वतःच्या नावावर ८८ एकर जमीन लागली होती. ज्या आयर्लंडमधून ती आली, तिथं गरीब कॅथलिक घरातल्या बाईला हे स्वप्नातही दिसलं नसतं.

मग ही जमीन तिला मिळाली कशी? आणि मिळूनही घर का सावरलं नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं कळली, की एकोणिसाव्या शतकात परदेशी शेतीवर गेलेल्या आयरिश बायकांचं आयुष्य बरंच उलगडतं.

सुरुवात आयर्लंडपासून करू. एलन क्विन १८३२ साली अँट्रिम परगण्यात जन्मली. तेव्हा तिथली जवळपास सगळी जमीन मोजक्या जमीनदारांच्या ताब्यात होती आणि बहुसंख्य शेतकरी कुळं होती. अनेकांकडे लेखी करारसुद्धा नसे. जमीनदाराच्या मनात आलं की कूळ बाहेर. घरची माणसं बटाट्यावर जगायची. पिकवलेलं धान्य आणि पाळलेलं डुक्कर खंड भरण्यासाठी विकलं जायचं. या हिशोबात बाईचा वाटा मोठा होता, कारण लोणी, अंडी, डुक्कर सांभाळणं आणि उत्तरेकडच्या भागात जवसाच्या धाग्याची सूतकताई, म्हणजे घरात रोख पैसा आणणारी जवळपास सगळी कामं तिच्याकडे होती. १८२०च्या दशकाच्या शेवटी बेलफास्टमध्ये जवसाचं सूत यंत्रावर निघू लागलं आणि खेड्यातल्या चरख्याची कमाई आटली. बेलफास्ट अँट्रिमला लागूनच आहे, त्यामुळे हा फटका तिथल्या घरांना आधी बसला.

क्विन कुटुंबानं १८४१ साली देश सोडला. बटाट्यावर रोग पडून दहा लाखांवर माणसं दगावली तो भीषण दुष्काळ १८४५ नंतरचा. हे लोक त्याच्या आधीच निघाले होते. त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे असण्याची शक्यता नव्हती, आणि त्याची गरजही पडली नाही. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींना मजूर हवे होते. सरकार तिथली जमीन विकायचं आणि त्या पैशातून ब्रिटन-आयर्लंडमधल्या कष्टकरी कुटुंबांचा जहाजप्रवास भागवायचं. बायका तर विशेष हव्या होत्या, कारण तिथं पुरुषांच्या मानानं त्या फार कमी होत्या. पुढे १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या गरीबगृहांतल्या चार हजारांहून अधिक अनाथ मुली अशाच सरकारी खर्चानं सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडला पाठवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणी शेतकऱ्यांच्या बायका झाल्या.

इथं एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. सरकार जी जमीन विकत होतं ती तिथल्या आदिवासी लोकांची होती, आणि ती त्यांच्याकडून बळानं घेतलेली होती. मेलबर्नची वसाहत १८३५ साली सुरू झाली आणि काही वर्षांतच गोऱ्यांची मेंढरं शेकडो मैल आत पोचली. एलन पुढे ज्या भागात राहिली, त्या बेनॅलाच्या आसपास १८३८ साली चकमक झाली होती आणि त्यानंतर सूड म्हणून आदिवासींची कत्तल झाली. आयर्लंडमध्ये जमिनीवरून उठवलेले लोक इथं दुसऱ्यांना उठवून रिकाम्या केलेल्या जमिनीवर बसत होते.

मेलबर्नला आल्यावर एलनचे वडील जेम्स क्विन यांनी आधी मजुरी केली, मग शहराच्या उत्तरेला दुभती जनावरं पाळायला घेतली. पोरी धारा काढायला, लोणी करायला होत्याच. त्या काळी दूध उथळ पत्र्याच्या ताटल्यांत दिवस-दीड दिवस ठेवायचे. वर आलेली साय काढायची, ती लाकडी पिंपात घुसळायची, लोण्यातला ताकाचा अंश गार पाण्यानं धुऊन काढायचा, मीठ मळायचं आणि पिंपात दाबून भरायचं. उन्हाळ्यात पाणीच कोमट असलं की लोणी बसायचं नाही आणि बसलं तरी लवकर खवट व्हायचं. ही कामं बायकांची होती. आयर्लंडहून त्यांच्या हातात आलेली हीच एक ठेव होती, आणि नव्या देशात ती लगेच उपयोगी पडली.

जॉन केली, ज्याला सगळे रेड म्हणत, तो क्विनांच्या शेतावर कामाला आला. तो टिपेररी परगण्यातला, दोन डुकरं चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा होऊन टास्मानियाला धाडलेला आणि सुटून इकडे आलेला. १८५०च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांच्या एलननं त्याच्याशी लग्न केलं. सोन्याच्या खाणींवर मिळालेल्या पैशातून रेडनं बेव्हरिज गावी जमीन घेतली. तिथं १८५९ साली त्यानं बांधलेलं घर आजही उभं आहे आणि सरकारनं ते वारसा म्हणून जपलंय. आयरिश खेड्यातल्या घरासारखी त्याची ठेवण आहे आणि धुराडं निळसर काळ्या दगडाचं आहे. एलनची पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली. नंतर ॲनी, नेड, मॅगी, जिम, डॅन, केट आणि ग्रेस झाले.

बेव्हरिजची शेती टिकली नाही. १८६४ साली ही मंडळी ॲव्हनेलला खंडाच्या जमिनीवर गेली. पुढच्याच वर्षी रेडकडे एका गुराचं कातडं सापडलं आणि ते चोरीचं ठरवून कोर्टानं २५ पौंड दंड किंवा सहा महिने सक्तमजुरी अशी शिक्षा दिली. २५ पौंड घरात नव्हते, म्हणून तो तुरुंगात गेला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. १८६६च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या दोन दिवसांनी, रेड वारला. दारूनं शरीर पोखरलं होतं, अंगात पाणी झालं होतं.

एलन मुलांना घेऊन ग्रेटा गावी बहिणींच्या आसऱ्याला गेली. तिथं १८६८ साली तिचा दीर जेम्स यानं दारूच्या नशेत रात्री घर पेटवून दिलं. आत बायका आणि पोरं झोपली होती. सगळे वाचले, पण होतं नव्हतं ते जळून गेलं. जेम्सला आधी फाशी आणि मग ती कमी करून पंधरा वर्षं सक्तमजुरी झाली. शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होते रेडमंड बॅरी. हे नाव एलनच्या आयुष्यात आणखी दोनदा येणार होतं.

यानंतर तिनं ग्रेटाजवळ इलेव्हन माइल क्रीक या ओढ्याकाठची ८८ एकर जमीन घेतली.

जमीन मिळायची म्हणजे नेमकं काय व्हायचं

मेंढरांचे मोठे मालक, ज्यांना स्क्वॉटर म्हणत, त्यांनी अगदी थोड्या वार्षिक शुल्कावर प्रचंड मोठी कुरणं धरून ठेवली होती. १८५१ला सोनं सापडलं आणि मेलबर्न जिची राजधानी त्या व्हिक्टोरिया वसाहतीची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे सातपट झाली. वरवरचं सोनं संपलं तेव्हा हे सगळे लोक म्हणू लागले, आम्हाला जमीन द्या. त्यातून १८६०पासून एकामागून एक जमीन कायदे झाले. १८६२चा कायदा आणणारे मंत्री चार्ल्स गॅव्हन डफी स्वतः आयरिश होते, आयर्लंडमध्ये कुळांसाठी लढलेले. त्यांचा हेतू चांगला होता. पण कायद्यात भोकं इतकी होती की स्क्वॉटरांनी नोकर, नातलग, ओळखीपाळखीचे यांची नावं पुढे करून चांगल्यातल्या चांगल्या जमिनी स्वतःकडेच वळवल्या. ओढ्याकाठचा पट्टा तेवढा घ्यायचा, म्हणजे पाण्याविना मागची जमीन दुसऱ्या कुणाच्या कामाचीच राहत नाही, ही त्यांची आवडती युक्ती होती.

१८६९च्या कायद्यानं नियम जरा कडक आणि हप्ते सोपे केले. त्या कायद्यानुसार एका माणसाला ३२० एकरांपर्यंत जमीन निवडता यायची. पहिली तीन वर्षं एकरी वर्षाला दोन शिलिंग भरायचे. या काळात निदान अडीच वर्षं जमिनीवर राहायचं, कुंपण घालायचं, दहातला एक एकर नांगराखाली आणायचा आणि एकरी एक पौंड किमतीची सुधारणा करायची, म्हणजे घर, कुंपण, झाडं काढणं वगैरे. हे जमलं की उरलेले एकरी १४ शिलिंग एकदम भरून मालक व्हायचं, किंवा आणखी सात वर्षं दोन-दोन शिलिंग भरत राहायचं.

हे दर ८८ एकरांना लावून बघू. पौंडाचे २० शिलिंग. म्हणजे वर्षाला ८ पौंड १६ शिलिंगांचा हप्ता, आणि तीन वर्षांत ८८ पौंडांची सुधारणा. नवऱ्याला झालेला २५ पौंडांचा दंड म्हणजे जमिनीचा जवळपास तीन वर्षांचा हप्ता. ज्या घरात तेवढी रक्कम नव्हती म्हणून कर्त्या माणसाला तुरुंगात जावं लागलं, त्या घराला हा भार पेलायचा होता.

आणि जमीन तिच्या नावावर कशी? नवरा नव्हता म्हणून. लग्न झालेल्या बाईला जमीन निवडायला बंदी होती. अविवाहित मुलीला आणि विधवेला परवानगी होती. सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी आपल्याकडच्या कितीतरी बायकांना नवरा जाण्याची वाट बघावी लागली, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. व्हिक्टोरियात विवाहित बाईला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळाला तो १८८४च्या कायद्यानं. तोवर शेकडो आयरिश बायका नवऱ्याच्या नावाच्या जमिनीवर राबल्या आणि कागदावर कुठेच उमटल्या नाहीत. एलनचं नाव आपल्याला सापडतं, कारण ती विधवा होती आणि पुढे कोर्टाच्या दफ्तरात पुन्हा पुन्हा आली.

शेतावरचं जगणं

घर म्हणजे फोडलेल्या लाकडी फळ्यांच्या भिंती आणि झाडाच्या सालींचं छप्पर. आत खोल्या करायच्या तर घोंगड्या टांगायच्या. जमीन झाडांनी भरलेली. ती तोडायला माणसं नव्हती, म्हणून बुंध्याभोवतीची साल वेटोळ्यासारखी सोलून काढायची आणि झाड उभ्या जागी वाळू द्यायचं. मग मधल्या जागेत थोडा गहू, थोडा ओट, बटाटे. गव्हावर तांबेरा पडायचा. पाव भाजायला भट्टी नसेल तर पिठाचा गोळा निखाऱ्यांच्या राखेत भाजायचा. मेणबत्त्या आणि साबण घरच्या चरबीपासून. कोंबड्या, दूधदुभतं, परसातला भाजीपाला बाईकडे. बाळंतपणं शेजारणी किंवा लेकीच करायच्या.

या सगळ्यातून ८ पौंड १६ शिलिंग उभे करणं कठीणच होतं. म्हणून एलननं दुसरी वाट धरली. तिचं घर रहदारीच्या वाटेवर होतं, तेव्हा तिनं वाटसरूंना राहायला जागा द्यायला सुरुवात केली आणि परवान्याशिवाय दारू विकायला लागली. तिथल्या अनेक गरीब घरांचा हा जोडधंदा होता. पैसा यायचा, पण त्याबरोबर नको ती माणसंही यायची आणि पोलिसांची नजर कायम दारावर असायची. त्यातल्या एका माणसापासून, बिल फ्रॉस्टपासून, तिला १८७० साली मुलगी झाली. त्यानं हात वर केल्यावर एलननं त्याच्यावर पोटगीचा दावा लावला आणि जिंकला. अविवाहित मातृत्वाची लाज बाळगून गप्प बसण्याचा तो काळ. तिनं ते चारचौघांत, कोर्टात उभं राहून मांडलं. मला तिच्या सगळ्या आयुष्यात ही गोष्ट फार मोठी वाटते. ती मुलगी फार जगली नाही.

आता मुख्य अडचण. अशी शेती पैशावर चालत नाही, घरच्या हातांवर चालते. झाडं काढायला, कुंपण घालायला, नांगर धरायला वाढत्या वयाचे मुलगे लागतात, आणि एलनचे मुलगे नेमके त्याच वर्षांत तुरुंगात गेले. नेड पंधराव्या-सोळाव्या वर्षी आत-बाहेर करू लागला, आणि १८७१ साली चोरीचा घोडा बाळगल्याबद्दल त्याला तीन वर्षं झाली. जिम साधारण चौदा वर्षांचा असताना गुरं चोरल्याबद्दल १८७३ साली पाच वर्षांसाठी आत गेला. म्हणजे जमीन सुधारून दाखवायची जी मोजकी वर्षं असतात, त्यांत शेतावर ही बाई, मुली आणि धाकटा डॅन एवढेच होते.

केली मंडळी निष्पाप होती असं मी म्हणणार नाही. घोडे आणि गुरं चोरणं हा त्या गोतावळ्याचा धंदाच झाला होता, आणि त्यांनी चोरलेली जनावरं काही वेळा त्यांच्यासारख्याच छोट्या शेतकऱ्यांची असायची. पण ही चोरी कुठल्या मातीत रुजली तेही बघायला हवं. दुसऱ्याच्या जमिनीत शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालण्याचा कायदा होता. दर जनावरामागे दंड भरला तरच ते सुटायचं, नाहीतर लिलाव. छोट्या शेतकऱ्याचं कुंपण अर्धवट, आणि शेजारी स्क्वॉटरचं अफाट कुरण. दुभती गाय कोंडवाड्यात गेली की घरचं लोणी बंद, लोणी बंद की हप्ता थकला. या रागातून कित्येक पोरांनी रात्री कोंडवाड्यातून आपली जनावरं पळवली, आणि तिथून दुसऱ्यांची पळवण्यापर्यंतचं अंतर फार नव्हतं.

हे भांडण आयरिश विरुद्ध इंग्रज असं रंगवायची सवय आहे, आणि ती फसवी आहे. केलींचा ज्यांच्यावर सर्वांत जास्त राग होता, ते जनावरांचे मोठे मालक जेम्स व्हिटी आयर्लंडहूनच आलेले. न्यायाधीश बॅरी कॉर्क परगण्यातले, प्रोटेस्टंट सुखवस्तू घरचे. नेडच्या टोळीनं पुढे ज्या तीन पोलिसांना मारलं, ते केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन तिघंही आयर्लंडमध्ये जन्मलेले. त्यांच्या मागेही आयरिश स्थलांतरित घरंच उघडी पडली. जमीन कुणाकडे किती, पाण्याकाठची कुणाची, हे भांडणाचं मूळ होतं.

१८७४ साली एलननं जॉर्ज किंग नावाच्या अमेरिकेहून आलेल्या माणसाशी लग्न केलं. तीन मुलं झाली आणि तो निघून गेला. नेड सुटून आला तेव्हा काही वर्षं त्यानं लाकूड कापण्याच्या गिरण्यांवर रीतसर काम केलं, आणि घर थोडं मार्गी लागल्यासारखं दिसत होतं.

१५ एप्रिल १८७८ला फिट्झपॅट्रिक नावाचा पोलीस डॅनला पकडायला त्यांच्या घरी आला. त्याच्या सांगण्यानुसार नेडनं त्याच्या मनगटावर गोळी झाडली आणि एलननं चुलीतला फावडा डोक्यात घातला. नेड म्हणायचा, मी तिथं नव्हतोच. ऑक्टोबरात बीचवर्थला बॅरींनी एलनला तीन वर्षं सक्तमजुरी सुनावली. किंगपासून झालेली तान्ही ॲलिस तिच्याबरोबर तुरुंगात गेली. फिट्झपॅट्रिकला पुढे १८८० साली पोलीस खात्यातून काढून टाकण्यात आलं, पण तोवर सगळं होऊन गेलं होतं. आईच्या शिक्षेनंतर काही दिवसांतच नेडच्या टोळीनं त्या तीन पोलिसांना मारलं. १८८०च्या जूनमध्ये ग्लेनरोवन गावी टोळीला पोलिसांचा वेढा पडला, त्यात डॅन मेला. ११ नोव्हेंबरला नेडला फाशी झाली, तीही बॅरींच्याच हुकमानं. त्या दिवशी त्याची आई त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होती.

या दोन वर्षांत शेत सांभाळलं मुलींनी. केट पंधरा वर्षांची, ग्रेस तेरा. मॅगीला स्वतःची मुलं होती, तरी ती दोन्ही घरं बघायची. पोलीस वेळीअवेळी घरात शिरून पिठाचे डबेसुद्धा उलटे करायचे. आणि याच काळात सरकारनं आणखी एक हत्यार काढलं, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. केलींचे नातलग किंवा सहानुभूतीदार असल्याचा संशय असलेल्यांचे जमिनीचे अर्ज पोलिसांच्या शिफारशीवरून नाकारले जाऊ लागले. वीसेक जणांना तर खटल्याविना महिनोन्‌महिने डांबून ठेवलं. गुन्हा एकाचा, आणि शेती करायचा हक्क अख्ख्या गोतावळ्याचा गेला.

एलन १८८१च्या फेब्रुवारीत सुटली आणि ग्रेटाला परतली. तिथं पुन्हा पेटेल अशी सगळ्यांना धास्ती होती. तसं झालं नाही, त्याचं बरंचसं श्रेय रॉबर्ट ग्रॅहम या तिथं नेमलेल्या पोलिसाला जातं. त्यानं एलनशी आदरानं बोलून तिचा विश्वास मिळवला आणि ज्यांना जमीन नाकारली होती त्यांचे अर्ज मार्गी लागावेत म्हणून मध्यस्थी केली. पोलीस खात्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंही १८८१ साली वरिष्ठांवर कडक ताशेरे ओढले.

त्या भागातल्या छोट्या शेतीला खरा आधार मिळाला तो त्यानंतर, आणि तो लोण्यातूनच. साय वेगळी काढणारं यंत्र आलं, बर्फगार ठेवणारी जहाजं आली, आणि १८८९पासून व्हिक्टोरिया सरकार लोण्याच्या निर्यातीवर अनुदान देऊ लागलं. गावोगाव लोण्याचे कारखाने निघाले. घरोघरच्या बायकांचं घुसळणं थांबलं, दूध कारखान्यात जाऊ लागलं आणि ठरावीक पैसा येऊ लागला. ज्या कामावर आयरिश बायकांनी दोन देशांत संसार रेटला होता, ते काम आता पुरुषांच्या नावावरचा उद्योग झालं. हप्ते मात्र त्यामुळे वेळेवर भरता येऊ लागले.

एलन पुढे जिमजवळ राहिली. मॅगी १८९६ साली वारली. १८९८ साली न्यू साउथ वेल्समधल्या फोर्ब्ज गावी केट पाण्यात बुडालेली सापडली, तेव्हा साठी ओलांडलेल्या एलननं तिच्या मुलांना वाढवलं. १९०८ साली व्हिक्टोरियानं बायकांना मताचा अधिकार दिला, तोही तिच्या हयातीत. बारा लेकरांतली बरीचशी तिच्याआधी गेली. ती २७ मार्च १९२३ला गेली, तेव्हा नव्वदी पार केली होती. जिमनं लग्न केलं नाही. १९४६ला वारला तोवर तो ग्रेटा परिसरातच शेती करत होता.